वादकांच्या आठवणींचे दफ्तर

हिंदी चित्रपटगीताची ओळख श्रोत्याच्या मनात तीन नावांनी ठरते: गायक, संगीतकार आणि गीतकार. ध्वनिमुद्रिकेच्या लेबलावर हीच नावे छापली जात, नभोवाणीचे निवेदकही हीच सांगत, आणि रसिकांच्या गप्पांत आजही हीच येतात. मात्र 1950 ते 1980 या काळातील एखादे गाणे लक्षपूर्वक ऐकले, तर गायकाचा आवाज सुरू होण्यापूर्वी आणि दोन कडव्यांच्या मध्ये जे ऐकू येते ते या तिघांपैकी कोणीही वाजवलेले नसते, हे ध्यानात येते. व्हायोलिनचा ताफा, सॅक्सोफोनची एक वळणदार ओळ, अ‍ॅकॉर्डियनचा झोत, ढोलकाचा विशिष्ट ठेका यांवरून गाणे पहिल्या दोन सेकंदांत ओळखता येते. परंतु ते वाजवणाऱ्या माणसाचे नाव बहुधा कोठेच लिहिलेले नसते.

या वादकांच्या पिढीतील बहुतेक जण आता हयात नाहीत. ठेक्याला ज्यांचे नाव मिळाले ते दत्ताराम वाडकर आणि ट्रम्पेटवादक फ्रँक फर्नांड 2007 मध्ये गेले, सॅक्सोफोनवादक मनोहारी सिंग 2010 मध्ये, अँथनी गोन्साल्विस 2012 मध्ये, केर्सी लॉर्ड 2016 मध्ये आणि व्हायोलिनवादक प्रभाकर जोग 2021 मध्ये. या माणसांबरोबर केवळ कौशल्य गेले असे नाही. गाणी प्रत्यक्षात कशी घडत, याची माहितीही गेली, कारण ती बहुतांशी कागदावर कधी आलेलीच नव्हती. या स्मृतीचे जतन हा म्हणूनच कृतज्ञतेइतकाच इतिहासलेखनाचाही प्रश्न आहे.

एका टेकमध्ये बांधलेले गाणे

बोलपटाच्या आरंभीच्या वर्षांत वादक हे चित्रसंस्थेचे पगारी नोकर असत. कोल्हापुरात स्थापन होऊन 1933 मध्ये पुण्यास आलेली प्रभात, कोलकात्याची न्यू थिएटर्स, मुंबईची बॉम्बे टॉकीज या संस्थांचे स्वतःचे वाद्यवृंद होते आणि वादकांना महिन्याच्या महिन्याला वेतन मिळे. पार्श्वगायनाची पद्धत 1935 पासून रूढ होत गेली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर जुन्या चित्रसंस्थांची घडी विस्कटून स्वतंत्र निर्मात्यांचा काळ सुरू झाला, तेव्हा वादकही मुक्त व्यवसायी झाले. सकाळी ताडदेवच्या फेमसमध्ये, दुपारनंतर फिल्म सेंटरमध्ये किंवा वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत, अशी त्यांची दिवसाची विभागणी होऊ लागली. 1950 च्या दशकात सिने म्युझिशियन्स असोसिएशन ही त्यांची संघटना आकाराला आली. वादकांची श्रेणी ठरवणे, श्रेणीनुसार मेहनतान्याचे दर निश्चित करणे आणि निर्मात्यांशी वाटाघाटी करणे ही तिची मुख्य कामे होती.

गाण्याची सुरुवात ‘सिटिंग’ने होई. संगीतकार, गीतकार, दिग्दर्शक आणि एखाददुसरा तालवादक अशा बैठकीत हार्मोनियमवर चाल ठरे. त्यानंतरचे काम अरेंजरकडे, म्हणजे वाद्यमेळाची रचना करणाऱ्याकडे जाई. चालीखाली कोणते स्वरमेळ, म्हणजे एकाच वेळी वाजणारे स्वरांचे गट, असावेत, गायकाच्या ओळीला समांतर पण तिच्याहून निराळी अशी दुसरी स्वररेषा, जिला वादक ‘ऑब्लिगाटो’ म्हणत, कोणत्या वाद्याला द्यावी आणि कडव्यांमधील मध्यसंगीत किती मात्रांचे असावे, हे तो ठरवी आणि पाश्चात्त्य स्वरलिपीत लिहून काढी. संगीतकारागणिक या कामाची वाटणी बदले. काही संगीतकार मध्यसंगीताची प्रत्येक ओळ स्वतः बांधत, तर काही केवळ दिशा सांगून उरलेले अरेंजरवर सोपवत. श्रेयनामावलीत मात्र अरेंजर बहुधा ‘सहायक’ एवढ्याच नावाने येई, आणि कोणाचा वाटा किती याचा उलगडा त्या एका शब्दातून होत नसे.

ध्वनिमुद्रणाच्या दिवशी प्रत्येक वादकापुढे त्याच्या वाद्यापुरता लिहिलेला कागद, म्हणजे ‘पार्ट’, ठेवला जाई. तालवादक आणि सतार, सारंगी, बासरी यांचे वादक बहुधा सरगम लिहून घेत किंवा ऐकून पाठ करत. व्हायोलिन, चेलो, ट्रम्पेट वाजवणारे थेट स्वरलिपी वाचत. मोजक्या मायक्रोफोनांसमोर गायक आणि संपूर्ण वाद्यवृंद एकाच वेळी सादरीकरण करत, आणि आवाजाचा समतोल साधण्यासाठी कोणी मायक्रोफोनजवळ बसायचे, कोणी मागे सरायचे हे ध्वनिमुद्रक ठरवी. फेमसमधील मिनू कात्रक, मेहबूबमधील रॉबिन चॅटर्जी आणि परळच्या राजकमलमधील मंगेश देसाई यांच्या कानांवर त्या काळच्या ध्वनीचा दर्जा अवलंबून होता. चुकीची दुरुस्ती नंतर करण्याची सोय नव्हती. साठ वादकांपैकी एकाचा स्वर ढळला, तरी सर्वांना पुन्हा पहिल्यापासून वाजवावे लागे. त्या काळच्या गाण्यांत ऐकू येणारी एकजीवता या शिस्तीतून आलेली आहे.

काम संपले की वादक पुढच्या स्टुडिओकडे निघत आणि ते लिहिलेले कागद बहुधा तेथेच राहत. गाणे पुन्हा कोणी रंगमंचावर वाजवील, अशी अपेक्षा नसल्यामुळे ते सांभाळण्याचे कारण कोणाला जाणवले नाही. पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या अभ्यासकाला मूळ स्वरलिपी हाताशी मिळते. हिंदी चित्रपटसंगीताच्या अभ्यासकाला ध्वनिमुद्रण आणि वाजवणाऱ्यांच्या आठवणी, एवढी दोनच साधने प्रामुख्याने उरतात.

गोव्याची शाळा, धोबीतलावची खोली

या वाद्यवृंदांत गोमंतकीय ख्रिस्ती वादकांची संख्या इतकी मोठी का होती, याचे उत्तर पोर्तुगीज काळातील चर्चच्या शाळांत सापडते. गावोगावच्या चर्चला जोडून चालणाऱ्या या शाळांत प्रार्थनासंगीतासाठी मुलांना सोल्फा, म्हणजे लिहिलेले स्वर पाहून अचूक गाण्याची पद्धत, आणि त्याबरोबर व्हायोलिनसारखे एखादे वाद्य शिकवले जाई. शिकवणाऱ्याला ‘मेस्त’ म्हणत, आणि त्याच्या कडक शिस्तीत तयार झालेला मुलगा स्वरलिपी वर्तमानपत्रासारखी सहज वाचू शके. शेती अपुरी आणि नोकऱ्या दुर्मीळ अशा परिस्थितीत हेच कौशल्य घेऊन अनेक तरुण गोव्याबाहेर पडले. संस्थानिकांचे बँड, लष्करी बँड, जहाजे, हॉटेले आणि मूकपटांची चित्रगृहे या ठिकाणी त्यांना काम मिळाले.

मुंबईत त्यांचे केंद्र धोबीतलाव आणि लगतचा कावेल, दाबूळ हा भाग होता. तेथील जेर महालात आणि आसपासच्या चाळींत ‘कूड’ होते. कूड म्हणजे एका गावच्या लोकांनी वर्गणीतून चालवलेले सामाईक निवासस्थान. गावाहून आलेल्याला ट्रंक ठेवायला आणि रात्री पाठ टेकायला तेथे जागा मिळे. वाद्ये आणि स्वरलिपीच्या पुस्तकांसाठी प्रसिद्ध असलेले फुर्तादोसचे दुकान याच परिसरात, आणि इराणी हॉटेलेही येथेच. कोणत्या संगीतकाराला उद्या किती व्हायोलिने हवीत, कोणता ट्रम्पेटवादक आजारी आहे, ही बातमी चहाच्या टेबलावरून फिरे आणि वादक जमवणारी माणसे येथेच येऊन निरोप देत. आज हा चौक वाहनांच्या गर्दीने भरलेला असतो, जेर महाल जुन्या लाकडी सज्ज्यांसह उभा आहे, काही कूड अजून चालू आहेत. परंतु हिंदी चित्रपटसंगीताचे मनुष्यबळ या चौकातून पुरवले जात होते, हे सांगणारी खूण तेथे दिसत नाही.

हॉटेलांतील जॅझ बँडमध्ये वाजवणारे वादक चित्रपटाकडे वळले, तेव्हा दोन संगीतपद्धतींची गाठ पडली. हळदोण्याचे आंतोनियो शाव्हियर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने ट्रम्पेटवादक म्हणून गाजले होते. पुणतांब्यात जन्मलेल्या रामचंद्र चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र यांच्याबरोबर त्यांनी काम केले आणि ‘अलबेला’ (1951) या चित्रपटात ते आपल्या साथीदारांसह पडद्यावरही दिसतात. रेइश मागुशचे सेबॅस्टियन डिसोझा फाळणीपूर्वी लाहोरात बँड चालवत होते. फाळणीनंतर मुंबईत आल्यावर ओ. पी. नय्यर आणि विशेषतः शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचा वाद्यमेळ त्यांनी उभा केला. शंकर-जयकिशन यांच्या संगीतातील व्हायोलिनच्या भरघोस लाटा आणि गायनाखालून वाहणाऱ्या चेलोच्या स्वररेषा ऐकताना ज्या शैलीला श्रोता दाद देतो, तिच्या घडणीत डिसोझा यांचा मोठा वाटा आहे.

माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांची कथा या विस्मरणाचे स्वरूप सर्वांत स्पष्ट करते. व्हायोलिनवादक, अरेंजर आणि शिक्षक असलेल्या गोन्साल्विस यांच्याकडे प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन शिकले. भारतीय राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांची सांगड घालण्यासाठी त्यांनी 1958 मध्ये स्वतःचा सिंफनी वाद्यवृंद उभारला आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात त्याचे सादरीकरण केले. 1960 च्या दशकात ते अमेरिकेस गेले, आणि परतल्यानंतर चित्रपटसृष्टीपासून दूर गोव्यातच राहिले. 1977 च्या ‘अमर अकबर अँथनी’ मध्ये लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांनी स्वरबद्ध केलेल्या एका गाण्याने त्यांचे नाव देशाच्या कानाकोपऱ्यात पोहोचवले. ती शिष्याने गुरूला दिलेली मानवंदना होती. परंतु ते नाव धारण करणारा एक थोर संगीतकार माजोर्ड्यात राहतो, हे कोट्यवधी श्रोत्यांना ठाऊक नव्हते. चित्रपट समीक्षक अशोक राणे यांनी त्यांच्यावर माहितीपट केला, म्हणून त्यांची मुद्रा आणि त्यांचे बोलणे आज उपलब्ध आहे.

मराठी मुलखातील वादक

वाद्यवृंदाचा हा इतिहास गोमंतकीयांपुरता मर्यादित नाही. त्यात पारशी होते, नेपाळी वंशाचे होते, बंगाली आणि उत्तर प्रदेशातले होते. कावस लॉर्ड आणि त्यांचे पुत्र केर्सी व बुर्जोर या पारशी कुटुंबाने तालवाद्यांपासून अ‍ॅकॉर्डियन, व्हायब्राफोन आणि पुढे मूग सिंथेसायझरपर्यंत असंख्य ध्वनी हिंदी गाण्यात आणले. त्यांच्यावर रुद्रदीप भट्टाचार्य यांनी ‘द ह्यूमन फॅक्टर’ हा माहितीपट केला. प्यारेलाल यांचे वडील पंडित रामप्रसाद शर्मा हे ट्रम्पेटवादक आणि अनेकांचे स्वरलिपीचे शिक्षक होते.

मराठी वादकांचा वाटा विशेषतः तालाच्या आणि तंतुवाद्यांच्या बाजूने लक्षणीय आहे. मारुतीराव कीर यांनी सचिनदेव आणि राहुलदेव बर्मन यांच्या तालविभागाची धुरा वाहिली, आणि मनोहारी सिंग व बासू चक्रवर्ती यांच्यासह ते राहुलदेव यांच्या प्रमुख सहायकांपैकी एक होते. शंकर-जयकिशन यांचे सहायक असलेल्या दत्ताराम यांच्या ढोलकाच्या ठेक्याला वादकच ‘दत्ताराम ठेका’ म्हणू लागले. प्रभाकर जोग यांनी सुधीर फडके यांच्याबरोबर गीतरामायणापासून असंख्य मराठी गाण्यांत साथ केली आणि पुढे ‘गाणारे व्हायोलिन’ हा त्यांचा स्वतंत्र आविष्कार रसिकांनी आपलासा केला. अनिल मोहिले यांनी मराठी भावगीतापासून लता मंगेशकर यांच्या रंगमंचीय कार्यक्रमांपर्यंत वाद्यमेळाची जबाबदारी सांभाळली. पुण्याचे इनॉक डॅनियल्स यांचे अ‍ॅकॉर्डियन मराठी आणि हिंदी अशा दोन्ही गाण्यांत ऐकू येते.

मराठीत संगीतकारांच्या आत्मकथनांची परंपरा चांगली आहे. केशवराव भोळे यांनी प्रभातमधील आपल्या कामाविषयी तपशिलाने लिहिले, आणि सी. रामचंद्र यांनी ‘माझ्या जीवनाची सरगम’ लिहिली. वादकांची आत्मकथने मात्र विरळा आढळतात. दिवसातून दोन-तीन ठिकाणी वाजवणाऱ्या आणि आपले काम हा लिहिण्याजोगा विषय आहे असे कोणी कधी न सांगितलेल्या माणसाकडून ग्रंथाची अपेक्षा करणे योग्यही नाही. त्यांच्याकडे जाऊन विचारणे आणि त्यांनी सांगितलेले लिहून घेणे, हे काम दुसऱ्या कोणीतरी करावयास हवे होते.

आठवण पुरावा कशी होते

हे काम सर्वांत पद्धतशीरपणे एका परदेशी अभ्यासकाने केले. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठाचे संगीत-मानववंशशास्त्रज्ञ, म्हणजे संगीताचा समाजजीवनाच्या अंगाने अभ्यास करणारे, ग्रेगरी बूथ यांनी मुंबईतील वादकांच्या प्रदीर्घ मुलाखती घेतल्या आणि 2008 मध्ये ‘बिहाइंड द कर्टन’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. वादकांना मिळणारे पैसे, स्टुडिओतील बसण्याची जागा, नात्यागोत्यांतून मिळणारे काम, नव्या यंत्रांमुळे बदलत गेलेली पद्धत, हे सारे त्यांनी वादकांच्या तोंडून नोंदवले. पत्रकार नरेश फर्नांडिस यांनी ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ या पुस्तकात मुंबईच्या जॅझचा आणि त्यातून चित्रपटाकडे आलेल्या वादकांचा मागोवा घेतला. बूथ यांनी ज्यांच्याशी संवाद साधला त्यांपैकी कित्येक पुढील दशकभरात निधन पावले, यावरून त्या नोंदींचे मोल कळते.

मौखिक इतिहास, म्हणजे प्रत्यक्ष साक्षीदारांच्या कथनातून मिळवलेला इतिहास, ही शिस्तीची पद्धत आहे. वादकाची स्मृती रसिकाच्या स्मृतीसारखी नसते. रसिकाला चित्रपट, नट आणि वर्ष आठवते. वादकाला ते अनेकदा ठाऊकच नसे, कारण ध्वनिमुद्रणाच्या वेळी चित्रपटाचे नावही पक्के झालेले नसे आणि पडद्यावर काय दिसणार याच्याशी त्याचा संबंध येत नसे. त्याला आठवते ती पट्टी, अवघड वळण, शेजारी बसलेला सहकारी, बारा वेळा फसलेला टेक. म्हणून वर्ष आणि चित्रपट विचारत राहिल्यास वयोवृद्ध वादक गोंधळतो आणि संकोचाने होकार देऊ लागतो. तेच गाणे वाजवून दाखवले, हाती वाद्य दिले आणि ‘येथे तुम्ही कोठे बसला होता?’ असे विचारले, तर तपशील क्रमाने उलगडत जातात.

पडताळणीही तितकीच आवश्यक आहे. एकाच गाण्यातील एकच तुकडा आपण वाजवल्याचे दोन वादक सांगतात, तेव्हा त्यांपैकी एक खोटे बोलतो असे मानण्याचे कारण नाही. जुन्या काळी चित्रपटासाठी आणि ध्वनिमुद्रिकेसाठी गाणे कित्येकदा वेगवेगळे मुद्रित केले जाई, कारण ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटेच मावत. शिवाय एकाच गाण्याची आनंदी आणि दुःखी अशी दोन रूपेही असत. दोन मुद्रणांत दोन वादक असणे शक्य आहे. अशा वेळी दोन्ही कथने त्यांच्या नावानिशी नोंदवावीत, मुद्रण शेजारी ठेवून तपासावीत, आणि निर्णय होत नसेल तर तसे स्पष्ट लिहावे. छायाचित्राच्या मागे पेन्सिलीने लिहिलेली नावे, संघटनेचे ओळखपत्र, कामाच्या तारखा टिपलेली खिशातील डायरी, जपून राहिलेला एखादा पार्ट, ही साधने अशा वेळी निर्णायक ठरतात.

नावाशी जोडलेला हक्क

श्रेय हा केवळ भावनेचा विषय नाही, हे कायदा पाहिल्यावर कळते. 1957 च्या भारतीय स्वामित्वहक्क कायद्यात वादकाला सादरकर्ता म्हणून स्वतःचा हक्क 1994 च्या दुरुस्तीने मिळाला. त्याआधीच्या चार दशकांत वाजवलेल्या संगीतावर त्याला एकदाच दिलेल्या मेहनतान्यापलीकडे कायद्याने काही देय नव्हते. 2012 च्या दुरुस्तीने सादरीकरणाच्या व्यापारी वापरातून सादरकर्त्याला स्वामित्वधन मिळण्याची तरतूद केली. मात्र याच दुरुस्तीत असेही म्हटले आहे की, चित्रपटातील ज्याचे काम प्रासंगिक स्वरूपाचे आहे आणि व्यवसायाच्या रूढीनुसार ज्याचे नाव श्रेयनामावलीत वा अन्यत्र कोठेही दिले जात नाही, त्याला, एक मर्यादित बाब वगळता, सादरकर्ता मानले जाणार नाही. नाव छापणे आणि हक्क असणे यांचा संबंध कायद्यानेच असा जोडलेला असल्यामुळे, आज वाजवणाऱ्या वादकांची नावे प्रत्येक गाण्यासोबत नोंदवली जाणे ही त्यांच्या उपजीविकेची बाब ठरते. मागच्या पिढीला जे मिळाले नाही ते या पिढीला मिळावे, यासाठी मागच्या पिढीचा इतिहास हाच सर्वांत भक्कम युक्तिवाद आहे.

सत्काराच्या पुढे

महाराष्ट्रात जुन्या गाण्यांवरचे प्रेम अपार आहे. पुण्यातील ‘पंचममॅजिक’सारख्या संस्थेने राहुलदेव बर्मन यांच्या वादकांना रंगमंचावर आणून, कोणता तुकडा कोणी वाजवला हे त्यांच्याकडूनच श्रोत्यांना ऐकवले, आणि भरल्या सभागृहाने त्यांना उभे राहून दाद दिली. असे कार्यक्रम वादकाला उतारवयात जी प्रतिष्ठा देतात, तिचे मोल मोठे आहे. तथापि शाल, श्रीफळ आणि टाळ्या यांनंतर त्या संध्याकाळी सांगितलेली माहिती कोठे जमा होते, हा प्रश्न उरतो. खासगी चित्रफिती संयोजकांच्या संगणकांत राहतात, संगणक बदलतात, आणि काही वर्षांत त्या फिती कोणालाच सापडत नाहीत.

जमा करण्यासाठी जागा उपलब्ध आहेत. पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964 पासून चित्रपटांचे जतन करत आले आहे आणि तेथे चित्रपटकर्मींच्या ध्वनिमुद्रित मुलाखतींचाही संग्रह आहे. मुंबईची फिल्म हेरिटेज फाउंडेशन आणि जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या संग्राहकांची सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्था जतनाचे काम करत आहेत. कानपूरच्या हरमंदिरसिंग ‘हमराज’ यांनी नोकरी सांभाळून ‘हिंदी फिल्म गीतकोश’ सिद्ध केला, आणि चित्रपटागणिक गाणी, गायक, गीतकार, संगीतकार यांची नोंद अभ्यासकांच्या हाती दिली. त्याच धर्तीवर गाण्यागणिक वादक आणि अरेंजर यांचा कोश तयार करणे हे पुढचे काम आहे, आणि मुंबई, पुणे व गोवा येथील संगीत विभागांच्या विद्यार्थ्यांना संशोधनाचा विषय म्हणून ते सोपवता येईल. प्रत्येक मुलाखतीची संपूर्ण ध्वनिफीत, तिचे लिखित रूप, वादकाची किंवा कुटुंबाची लेखी संमती आणि पडताळणीच्या टिपा एवढ्या चार गोष्टी सार्वजनिक संग्रहात जमा झाल्या, तरी या कोशाचा पाया घातला जाईल.

गायक आणि संगीतकार यांचा गौरव यामुळे उणावत नाही. वाद्यवृंदाची घडण कळल्यावर संगीतकाराने कोणाची निवड का केली, हेही कळते आणि त्याची दृष्टी अधिक नेमकेपणाने समजते. ज्या घरांत अजून एखादे जुने व्हायोलिन, स्वरलिपीची वही, स्टुडिओतील सामूहिक छायाचित्र किंवा कामाच्या तारखांची डायरी आहे, त्या घरांतील मंडळींनी ती रद्दीत देण्यापूर्वी जवळच्या ग्रंथालयाशी, विद्यापीठाशी किंवा संग्रहालयाशी संपर्क साधावा. आणि घरात किंवा शेजारी एखादे वृद्ध वादक असतील, तर त्यांचे बोलणे त्यांच्या संमतीने लवकरात लवकर ध्वनिमुद्रित करून ठेवावे.